मारझोड नाही, खायला कमी नाही. मग डिप्रेशन कशाचं?

प्रश्न असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका भावाची धाकटी बहीण चिकोडीकडच्या गावात दिलेली आहे. वय २९, लग्नाला सात वर्षं, मुलगा पाच वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची. तीन महिने तिला धड झोप नाही, जेवण जात नाही, पोरीला पाजतानाही डोळ्यांतून पाणी येतं. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी सासरच्यांनी त्या बंद केल्या. नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, घरात कशाची कमी नाही. डॉक्टर म्हणाले, 'घरातल्या नात्यांचा ताण आहे.' नात्यांनी आजार होतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि भावानं काय करायचं?

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. बहिणीला प्रत्यक्ष भेटा आणि एकटीला विचारा: 'आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का? पोरीबद्दल तसलं काही येतं का?' असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. बहुतेक बायकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. उत्तर 'हो' असलं तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उसाच्या पट्ट्यातल्या घरात फवारणीचं औषध गोठ्यात, माळ्यावर, न्हाणीच्या कोपऱ्यात पडलेलं असतं. ते कुलपात घालून किल्ली घराबाहेर द्या. गोळ्या एका वेळी सात दिवसांच्याच घरात ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालतो, मराठीतही आणि कन्नडमध्येही बोलता येतं. तातडीला ११२. नसलेले आवाज ऐकू येत असतील, 'हे माझं बाळ नव्हे' असलं काही ती बोलत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

आता मूळ प्रश्न. 'घरात सगळं आहे, मग कशाचं डिप्रेशन?' हा प्रश्न घरातली माणसं खोटेपणानं विचारत नाहीत. त्यांना खरंच कळत नसतं, कारण ती वस्तू मोजतात. पुरुषांच्या तुलनेत बायकांत नैराश्य दीडपट ते दुप्पट आढळतं. त्यात शरीराचा वाटा आहेच, पण घराचा वाटा कसा पडतो हे पन्नास वर्षांपूर्वीच पुढं आलंय. १९७० च्या दशकात जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास केला. संकटं सगळ्यांवरच येतात, पण काहीच बायका आजारी का पडतात, हे त्यांना बघायचं होतं. चार गोष्टी सापडल्या: नवऱ्याजवळ मन मोकळं करता न येणं, घरात १४ वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं, घराबाहेर काम नसणं, आणि ११ वर्षांची होण्याआधी आई जाणं. पहिली गोष्ट नीट वाचा. तिथं नवरा चांगला की वाईट, कमावता की बिनकामाचा, असं काही म्हटलेलं नाही. मनातलं बोलता येईल असं माणूस जवळ आहे का, एवढंच.

आपल्याकडं सगळे सासूकडं बोट दाखवतात. माझं मत वेगळं आहे. सासूच्या बोलण्यानं बाई दुखावते, पण आजारी पडते ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या गप्प बसण्यानं.

एक संध्याकाळ घ्या. पाहुणे जेवायला बसलेत, भाकरी जरा कडक झाली. सासू म्हणते, 'आईनं शिकवून पाठवलं नाही वाटतं.' पाहुणे हसतात. नवरा ताटात बघत आमटी भुरकत राहतो. वाक्य तीन सेकंदांचं, पण सुनेची नजर त्या तीन सेकंदांत नवऱ्याकडं गेलेली असते आणि तिला तिथं काहीच मिळत नाही. रात्री ती विषय काढते. तो म्हणतो, 'आईचं वय झालंय, मनावर घेऊ नको.' दुसऱ्यांदा काढते, तो कूस बदलतो. तिसऱ्यांदा ती काढतच नाही. त्या दिवसापासून घरच्यांना ती 'शहाणी झाली' असं वाटतं. ती मात्र दिवसभर स्वतःशीच बोलायला लागलेली असते: चूक माझीच असेल, मलाच जमत नाही. बोलून न दाखवलेला राग आत असा स्वतःवर उलटतो, आणि अंगात उमटतो तो झोप, भूक आणि थकवा यांच्या रूपात.

टोमण्यांचं वजन किती, तेही मोजून झालंय. १९८९ मध्ये हूली आणि टीसडेल यांनी नैराश्यातून सावरून दवाखान्यातून घरी चाललेल्या विवाहित रुग्णांना एक साधा प्रश्न विचारला: तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो, १ ते १० मध्ये सांगा. पुढच्या नऊ महिन्यांत कोण पुन्हा आजारी पडणार, याचा अंदाज त्या एका आकड्यानं बाकी सगळ्या मोजमापांपेक्षा चांगला दिला. अभ्यास लहान होता, पण प्रश्न कामाचा आहे. बहिणीला विचारा: नवऱ्याचा आकडा किती, सासूचा किती, जावेचा किती, आणि आईचा किती. शेवटचा आकडा कधीकधी तुम्हालाच धक्का देईल.

दुसरी गोष्ट अडकल्याची. नुसत्या दुःखापेक्षा अपमान आणि 'यातून सुटका नाही' ही भावना माणसाला जास्त लवकर नैराश्यात ढकलते. माहेरी यावं तर पाठच्या बहिणीचं लग्न व्हायचंय. वेगळं राहावं तर शेती एकत्र. हातात पैसा म्हणावा तर, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात येतात, आणि ती बहुतेक घरात सासू असते. (कागदावर बाई कुटुंबप्रमुख झाली हे चांगलंच झालं, फक्त घरात बाया दोन असतात हे कागदाला ठाऊक नाही. सासूलाही दोष देववत नाही. स्वतःच्या नावानं आलेला तिचाही तो आयुष्यातला पहिलाच नियमित पैसा असतो.) त्यात तुमच्या बहिणीला बाजारापुरतंच कन्नड येत असेल आणि गल्ली सगळी कन्नड बोलणारी असेल, तर शेजारणीजवळ दहा मिनिटं मन हलकं करायची वाटही बंद. घरात मराठीच बोलतात, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तिच्या आठ महिन्यांच्या मुलीबद्दल. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शेजारी गोव्यात, म्हापशाच्या रुग्णालयात २७० गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. निष्कर्ष २००२ मध्ये आले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांत २३ टक्के बायकांत नैराश्य होतं, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी होणं, या गोष्टी त्यामागं दिसल्या. मुलीला जन्म दिल्यानं कुणी आजारी पडत नाही; ती झाल्यावर घरातल्यांचे चेहरे कसे झाले, यावर बरंच अवलंबून असतं. बहिणीला विचारा: मुलगा झाला तेव्हा पेढे वाटले, मुलगी झाली तेव्हा काय वाटलं? हे 'वाटलं' तिला दोन्ही अर्थांनी कळेल. याच अभ्यासात ७८ टक्के आजारी बायकांचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. तेव्हा तुमचे 'तीन महिने' कदाचित खरे तीन महिने नसतील.

माहेरचा वाटाही सांगायला हवा, तुम्हाला आवडणार नाही तरी. रोज रात्री आईला तासभर फोन, रोज त्याच चार गोष्टी, दोघींचं रडणं: यातून माया कळते, पण जखमेवरची खपली रोज निघते. अमांडा रोज यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलींच्या मैत्रीत हेच दाखवलं. एकच दुखणं पुन्हा पुन्हा घोळवणाऱ्या मैत्रिणी एकमेकींच्या जास्त जवळ येतात आणि जास्त उदासही होतात. फोन तोडू नका, त्याला आकार द्या. २० मिनिटं पुरेत: पहिली दहा तिच्या मनातलं, पुढची पाच 'उद्या त्यातलं एक काय करता येईल', शेवटची पाच दुसरंच काही; म्हैस व्याली, यात्रा ठरली, काहीही. आई 'सहन कर बाई' म्हणत असेल आणि तुम्ही 'थांब, मीच येऊन बघतो एकेकाला' म्हणत असाल, तर दोन्हींचा परिणाम एकच होतो: ती खरं सांगायचं बंद करते. आईला सांगून उपयोग नाही, भावाला सांगितलं तर भांडण.

गोष्ट उलट्या बाजूनंही फिरते. आजारी बाई उत्तर देत नाही, चिडते, दूध उतू जाऊ देते, पाहुण्यांसमोर आतल्या खोलीत जाऊन पडते. सासूला तो माज वाटतो, नवऱ्याला नकोसेपणा. टोमणे वाढतात, तो अजून लांब जातो, आजार वाढतो. कॉन्स्टन्स हॅमेन यांनी १९९१ मध्ये हे मांडलं: नैराश्य असलेल्या बायकांच्या आयुष्यात नात्यांतले तंटे जास्त घडतात, आणि त्यांतल्या काहींना आजारच कारण असतो. म्हणून 'आधी कुणी सुरू केलं' हा निवाडा करत बसू नका. तिथं कुणीच जिंकत नाही आणि वेळ तिचा जातो.

आणि सगळंच नात्यांवर ढकलू नका. टीएसएच (थायरॉइडची), हिमोग्लोबिन आणि बी-१२ या तपासण्या करून घ्या. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडणं नवलाचं नाही, आणि अंगात रक्त नसलेली बाईही अशीच गळून जाते. आधी कधी सलग काही दिवस अगदी थोड्या झोपेवर भलत्याच उत्साहात होती का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण मग औषध बदलतं.

आपल्याकडची बाई 'मी उदास आहे' म्हणत नाही. 'अंग गळून जातंय, डोकं जड, काळजात धडधडतंय, काय सुचंना झालंय' असं म्हणते. मग सलाईन आणि बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन होतं, आणि दोन दिवस बरंही वाटतं. माझा अंदाज, सलाईनपेक्षा तासभर आडवं पडायला मिळालं आणि कुणी शेजारी बसलं याचंच. त्यानंतर देवरुषी, अमावास्या, 'बाहेरचं आहे.' देवाला जायला हरकत काहीच नाही. तिथं जाताना गोळ्या सुटल्या, तर मात्र आहे.

आजार किती आहे ते मोजून घ्या. पीएचक्यू-९ या चाचणीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टर हवेत, २० किंवा जास्त म्हणजे आजार तीव्र. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला शून्य सोडून काहीही आलं तर बेरजेकडं बघू नका. तान्ह्या मुलाच्या आईला दहा प्रश्नांची एडिंबरा चाचणी जास्त बरी, कारण बाळामुळं मोडलेली झोप आणि आजारामुळं मोडलेली झोप यांचा घोळ त्यात कमी होतो. आकडा तारखेसह वहीत लिहा. दर दोन आठवड्यांनी पुन्हा.

गोळ्या दहाव्या दिवशी बंद होणं ही या आजारातली सगळ्यात नेहमीची चूक. पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, डोकेदुखी, बेचैनी हे त्रासच पुढं येतात. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा ते आठ. म्हणजे घरच्यांनी नेमकं तोटा भोगून झाल्यावर आणि नफा यायच्या आधी दुकान बंद केलं. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या आणि डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायच्या. एकदम तोडल्या तर चक्कर आणि चिडचिड होते, आणि लोक तिलाच 'सवय लागली' म्हणतात. सवय लागण्याची भीती खरी आहे ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची. त्या थोडक्या दिवसांच्याच असतात. कागदावर कुठली गोळी कशाची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ती अंगावर पाजते हे पहिल्याच वाक्यात सांगा. सरट्रलीनसारखी, दुधात फार थोडी उतरणारी औषधं आहेत.

कुठं जायचं? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी येतात ते विचारा. बऱ्याच ठिकाणी मंगळवार असतो. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला डिम्हान्स ही खास मन आणि मेंदूच्या आजारांसाठीची मोठी संस्था. कर्नाटकच्या साध्या सरकारी बसला राज्यातल्या बायकांना तिकीट नाही, त्यामुळं 'जायला पैसे कुठं आहेत' हा अडसर तरी चिकोडी ते धारवाड राहत नाही. कोल्हापूरला जायचं तर तिकीट पडेल. भाषेची अडचण आली तर दुभाषा म्हणून सासू किंवा नवरा नको. सून पाच मिनिटं बोलते, सासू कन्नडमध्ये 'तिला झोप येत नाही' एवढंच सांगते, आणि उपचार तेवढ्याचाच होतो. आशाताई दोन्ही भाषा बोलणारी असेल तर तिला घ्या. डॉक्टरांना सांगा, 'पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला.'

नात्यांवरच थेट काम करणारी एक उपचारपद्धत आहे. तिला इंटरपर्सनल थेरपी (आयपीटी) म्हणतात. क्लरमन आणि वाइसमन यांनी १९७० च्या दशकात ती बांधली. आठवड्याला एक, अशा १२ ते १६ बैठका. आजार चारपैकी कुठल्या दारातून आला ते त्यात आधी ठरवतात: कुणाचं जाणं, कुणाशी तंटा, भूमिका बदलणं (सून झाली, आई झाली, गाव सुटलं), की एकटेपण. तंटा असेल तर तो कुठल्या टप्प्यावर आहे ते बघतात. बोलणं चालू आहे, अबोला आहे, की नातं संपलंय? अबोला असेल तर उपचाराचा पहिला परिणाम म्हणून भांडण वाढल्यासारखं दिसतं. घाबरू नका, गोठलेलं बोलणं सुटत असतं.

नवऱ्याशी बोलण्याआधी एक खात्री करा. 'हात उगारत नाही' हे तुम्हाला कुणी सांगितलं? २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी ४४ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या माहेरी ते माहीत नसणार. फोनवर विचारू नका, तो स्पीकरवर असू शकतो. मोबाईल काढून घेणं, माहेरी न पाठवणं, नको असताना जवळ घेणं, 'सोडून देईन' अशी धमकी, मुलगी झाली म्हणून हिणवणं, हेही विचारा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची कोंडीही येते, आणि बाईला घर सोडावं न लागता संरक्षण मागता येतं. कर्नाटकात तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी, म्हणजे लोक ज्यांना सीडीपीओ म्हणतात, तेच संरक्षण अधिकारी असतात. फोन १८१. घरात हिंसा असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवून समुपदेशन करू नका. तिथं ती जे बोलते त्याची किंमत घरी गेल्यावर चुकवते.

हिंसा नसेल, तर नवरा हाच सगळ्यात मोठा उपचार आहे. चार वडीलधारे घेऊन बैठक घालू नका, त्यात तो आईचा मुलगा म्हणून उत्तर देईल. एकटा गाठा, बांधावर नाहीतर डेअरीच्या वाटेवर. 'तुमच्या आईमुळं' हे शब्द काढू नका. 'पाव्हणं, डॉक्टरांनी आजार सांगितलाय, साखरेसारखाच. तुमच्याशिवाय जमणार नाही' असं सुरू करा. मग चार आठवड्यांसाठी तीन कामं मागा.

पहिलं, रोज २० मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून ऐकणं. उपाय सांगायचा नाही, 'मनावर घेऊ नको' हे तर बिलकूल नाही. एवढंच विचारायचं, 'मग तुला काय वाटलं?' दुसरं, चारचौघांत टोमणा आला की त्याच क्षणी, आवाज न चढवता एक वाक्य: 'आई, भाकरी चांगली झालीय, वाढ मला अजून एक.' रात्री खोलीत घातलेली समजूत याची जागा घेत नाही. तिसरं, मुलीला रात्री दहाला पाजून झालं की पहाटे तीनपर्यंत ती त्यानं किंवा त्याच्या आईनं सांभाळायची, म्हणजे बायकोला सलग पाच तास मिळतील. आठ महिन्यांची पोर वरचं खाते, एवढं निभतं. आणि सासूकडं असं कौतुकाचं काम गेलं की टोमणेही थोडे कमी होतात.

यात बिघडतं कुठं? नवरा चार दिवस करतो आणि पाचव्या दिवशी 'अजून रडतेसच' म्हणतो. नाहीतर आवेशात आईशी भांडतो, आणि तो शेतावर गेल्यावर त्याचं उट्टं सुनेवर निघतं. दोन्ही आधीच बोलून ठेवा.

माहेरी आणायचं का? पंधरा दिवस आणा, दोन्ही मुलांसकट, गोळ्यांसकट, परतीची तारीख ठरवून. चार दिवसांत ती हसायला लागली, तर सासरचे म्हणतील, 'बघा, नाटकच होतं.' त्यांना सांगा: माहेरी झोप मिळाली आणि कुणी टोचून बोललं नाही, म्हणून फरक पडला, औषध कुठलं हवं ते आता आपल्याला कळलंय. तारीख न ठरवता आणली, तर मुलाची शाळा बुडते, मानापमान वाढतो, आणि दोन महिन्यांनी ती त्याच घरात तशीच परत जाते.

चार आठवड्यांनी वहीतला आकडा बघा. निम्म्यावर आला नसेल तर डॉक्टरांकडं परत. गोळी वाढवायची की बदलायची ते तेव्हा ठरतं. आणि फोनवर 'कशी आहेस?' विचारू नका, त्याला 'बरी हाय' हेच उत्तर येतं. विचारा, 'काल सलग किती तास झोपलीस? आणि आज कोण काय बोललं?'